पहिली बुडी

“थोडी कळ काढ. कापड सैल पडेल,” पीयूष म्हणाला.

“कधी?”

“एकदा बसलं की पडेल.”

“बसलंय रे! इतकं बसलंय की मला बसता येत नाहीये!”

निमिष फिस्सकन हसला. निमिष म्हणजे पीयूषचा मित्र, गळ्यात कॅमेरा अडकवून सकाळपासून आमच्या मागेपुढे नाचत होता. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं कॅमेऱ्याची काच पुसायला घेतली.

मी उभी होते नाशिकला, पीयूषच्या घराच्या गच्चीवर, भर मे महिन्यात, टळटळीत उन्हात. एका बाजूला त्याच्या आईनं, कुमुदकाकूंनी, जुन्या साडीवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला मी वाळत होते. अंगात वर टी-शर्ट आणि खाली एक जीन्स. ती जीन्स निघत नव्हती.

आता बरीच वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते, नाशिकच्या एका दवाखान्यात हिशेबाचं काम करायचे, बायकांच्या हॉस्टेलवर राहायचे. आईबाबा धुळ्याला. आधी दोन ठिकाणी जमत आलेलं फिसकटलं होतं. धाकट्या बहिणीचं माझ्यामुळे अडलं होतं, आणि ते कुणी तोंडानं बोलत नसलं तरी घरात कुणी पाणी मागितलं तरी त्या स्वरात ते ऐकू यायचं. अशात पीयूष कोठावदेचं स्थळ आलं. इंजिनियर, निर्व्यसनी, बोलायला गोड. साखरपुडा झाला, हॉल ठरला, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख निघाली आणि आमच्या घरानं हुश्श केलं.

पीयूष गेंडा होता. स्वभावानं नाही हो, स्वभावानं गरीब गाय. ‘गेंडा’ नावाची जीन्स बनवणारी एक छोटीशी कंपनी होती. जाडजूड कापड, लोखंडी बटणं, कमरेमागे चामड्याच्या पट्टीवर गेंड्याचं चित्र. ती घालणारे स्वतःला गेंडे म्हणवायचे आणि त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव होतं ‘कळप’. कळपाचे नियम कडक. दुसऱ्या कंपनीची जीन्स अंगाला लावायची नाही. आपली गेंडा वर्षभर धुवायची नाही. न धुता घातली की मांडीवर आणि गुडघ्यामागे रंग उडून रेघा पडतात, त्या रेघांचे फोटो कळपात टाकायचे आणि बाकीच्यांनी त्यावर आहाहा करायचं. वास आला तर जीन्स पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायची. काकूंच्या फ्रीजरमध्ये मटाराशेजारी पीयूषची पँट असायची.

मला हे सगळं गमतीचं वाटायचं. आईला तर त्याचं कौतुकच. “एका गोष्टीला धरून राहणारा मुलगा आहे,” ती शेजारणींना सांगायची. “पँटशी इतका इमानी, तर बायकोशी किती असेल!” सगळे हसायचे. मीही हसायचे, आणि खरं सांगते, मनातून मला ते पटलेलंही होतं.

तर ही माझी पहिली बुडी होती. म्हणजे असं की गेंड्याचं कापड कोरं असतं, आधी पाणी न दाखवलेलं. नवी जीन्स अंगात चढवायची, गरम पाण्याच्या टबात बसायचं आणि मग ती अंगावरच उन्हात वाळवायची. कापड आटत आटत बरोबर तुमच्या अंगाचं होतं. कळपात येणाऱ्या प्रत्येकाची बुडी होते आणि तिचे फोटो निघतात. कंपनीनं त्या वर्षी ‘जोडी’ काढली होती, एकाच ताग्यातून बेतलेली नवऱ्याची आणि बायकोची जीन्स. पीयूषनं नंबर लावून ती मिळवली होती. पार्सल उघडताना त्याचे हात थरथरत होते. माझ्या बोटात अंगठी घालताना थरथरले नव्हते.

“ही मला आत्ताच घट्ट होतेय,” मी सकाळीच म्हटलं होतं. “पाण्यात आटल्यावर काय होईल?”

“कंपनीनं सांगितलंय, बायकांनी एक साइझ खालची घ्यायची,” तो म्हणाला. “आधी आटते, मग सैल पडते. त्यांचं माप चुकत नाही गं.”

टब कॉलनीच्या गणपती विसर्जनाचा होता. काकूंना ते अजिबात आवडलं नव्हतं. “अरे, त्यात बाप्पाला बुडवतो आपण!” तर पीयूष म्हणाला, “आई, ही पण श्रद्धाच आहे.” काकू खाली निघून गेल्या.

आणि मी बसले त्या टबात. हसत बसले, अंगठा वर करून फोटो दिले. पाण्याबाहेर आले तेव्हा चक्क छान वाटत होतं. मग ऊन चढत गेलं आणि जीन्स वाळू लागली.

आधी कमरेला रग लागली. मग गुडघे वाकेनात. मग पोटऱ्यांना कुणीतरी आवळून धरल्यासारखं झालं आणि तळव्यांना मुंग्या आल्या. मी बटण काढायला गेले तर काजं आटून बटणांवर घट्ट बसलेली. नखं तुटली, बटण हललं नाही. निमिषला पाठ फिरवायला लावून पीयूषनंही प्रयत्न केला. त्याला घाम फुटला, पण बटण जागच्या जागी.

“अजून पूर्ण वाळली नाहीये, म्हणून,” तो म्हणाला.

“पीयूष, मला बाथरूमला जायचंय.”

“जाऊ ना. पाच मिनिटं.”

जाणार कशी? गच्चीवरून उतरायचा जिना लोखंडी, उभा. पहिल्या पायरीवर पाऊल टाकायला गुडघा वाकवावा लागतो, आणि माझा गुडघा वाकत नव्हता. मी कठड्याला धरून दोनदा बघितलं. दुसऱ्यांदा तोल गेला तेव्हा पीयूषनं मला सावरलं आणि म्हणाला, “उगाच रिस्क नको घेऊस. इथंच थांब.”

तो वाईट वागला असता तर सोपं गेलं असतं. तो माझ्या डोक्यावर छत्री धरून उभा होता. मधेच खाली जाऊन कोकम सरबत घेऊन आला. मी ते कसं पिणार? पोट आधीच फुगलेलं. पण त्यानं इतक्या मायेनं पेला पुढे केला की मी एक घोट घेतला आणि मला स्वतःचाच राग आला.

“काकूंना हाक मारू का?” निमिषनं विचारलं.

“नको!” मीच ओरडले. होणाऱ्या सासूसमोर हे ध्यान दाखवायचं? लाजच वाटली मला. तेव्हा मला लाजेची काळजी होती.

तेवढ्यात आईचा फोन आला. हॉलवाल्याचं काहीतरी होतं, जेवणाच्या पंगती आत मांडायच्या की बाहेर. मी म्हटलं, “आई, नंतर बोलू. माझे पाय आखडलेत. ही पँट फार घट्ट झालीय आणि निघत नाहीये.”

“कुठली पँट?”

“पीयूषनं आणलेली.”

“मग हौसेनं आणलीय ना त्यानं! थोडा वेळ घाल की. लगेच तोंड वाकडं करू नकोस हं. आता कुठे सगळं मार्गी लागलंय.”

“आई, दुखतंय.”

“नवं आहे, दुखणारच. गोड बोलून घे.”

मी फोन ठेवला. रडू येत होतं, पण निमिषसमोर रडायचं नव्हतं.

मग पीयूषनं कळपात विचारलं. एकेक उत्तर तो मला वाचून दाखवत होता. चालत राहा. हळूहळू उठाबशा काढा. कुणीतरी लिहिलं होतं, ‘वहिनी, आमचीही हीच अवस्था झाली होती, आता दुसरं काही घालवत नाही.’ शेवटी निमिषला आठवलं की कंपनीच्या व्हिडिओत दुसरी बुडी दाखवलीय. पहिल्या बुडीत नीट बसली नाही तर पुन्हा गरम पाणी.

“अरे, गरम पाण्यानंच आटलीय ना ती!” मी म्हटलं.

“पण कंपनीच सांगतेय,” पीयूष म्हणाला. “त्यांना त्यांचं कापड माहीत नसेल का?”

मला टबात बसता येत नव्हतं, म्हणून त्यांनी मला टबात उभं केलं. पीयूष गीझरचं पाणी बादलीनं वर घेऊन आला आणि तांब्या तांब्यानं माझ्या कमरेवरून ओतू लागला. “हळद लागायच्या आधीच आंघोळ,” निमिष म्हणाला. पाणी पडलं तशी क्षणभर पकड सुटल्यासारखी वाटली आणि मी म्हटलंसुद्धा, “हां, बरं वाटतंय.” पीयूषचा चेहरा काय उजळला! “बघ, म्हटलं नव्हतं?”

पुन्हा ऊन लागलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. आता ती मांडीत रुतत होती. पोटऱ्यांत ठणका भरला, आणि मग एकाएकी ठणका थांबला. त्यानं मी जास्त घाबरले. उजव्या पायाचा अंगठा हलवायला गेले तर तो हलला नाही. मी खाली बघत होते, अंगठ्याला सांगत होते हल म्हणून, आणि तो दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा पडून होता.

“पीयूष, तिचे पाय बघ,” निमिष हळूच म्हणाला. त्याचं हसू गेलं होतं. पाय जांभळे पडले होते.

“कातर आण,” मी म्हटलं.

“अगं...”

“कातर आण, पीयूष. काप ही.”

तो माझ्यासमोर उकिडवा बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, मी बघितलं. “हर्षदा, ही जोडी आहे. एका ताग्यातली. ही कापली तर माझी नुसती एकटी पँट उरेल. आणि पहिल्याच बुडीला आजवर कळपात कुणाची कापलेली नाही. मी कंपनीला मेसेज टाकलाय. त्यांचा माणूस लगेच उत्तर देतो. तोवर कळ काढ. माझ्यासाठी.”

“मला पाय जाणवत नाहीयेत.”

“घाबरल्यामुळे वाटतं तसं. कंपनीनं लिहिलंय, पहिल्यांदा थोडी बधिरता येते.”

“काय लिहिलंय ते मरू दे! पाय माझे आहेत!”

“बरं, बरं. आपण शिवण उसवू,” तो म्हणाला. “शिवणीवरून उसवली तर नंतर परत शिवता येईल.”

तो ब्लेड घेऊन आला आणि माझ्या उजव्या पायाशी बसला. घोट्यापासून सुरुवात केली. एक टाका, मग दुसरा. कापडाला धक्का लागू नये म्हणून श्वास धरून, जीभ दातांत धरून तो काम करत होता. निमिष मोबाइलचा उजेड पाडत होता, भर उन्हात. मी कठडा धरून वरून त्याच्या डोक्याकडे बघत होते. इतक्या हळुवारपणे त्यानं कधी मला हात लावला नव्हता. हा माणूस संध्याकाळपर्यंत असाच एकेक टाका उसवत बसेल, मी इथंच उभी राहीन आणि घरचे म्हणतील गोड बोलून घे.

आणि मग मी ओरडले. “काकूऽऽ! काकू, वर या!” शेजारच्या गच्चीवरची बाई वाळलेले कपडे गोळा करायची थांबली. मी पुन्हा ओरडले. लाज गेली उडत.

काकू धापा टाकत वर आल्या. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग पायांकडे. तशाच खाली गेल्या आणि ब्लाउज बेतायची मोठी कातर घेऊन आल्या.

“बाजूला हो,” त्या पीयूषला म्हणाल्या.

“आई, थांब ना, कंपनीचं उत्तर...”

“बाजूला हो म्हणते ना, मेल्या!”

त्यांनी कातर घोट्यापाशी आत सारली. कापड इतकं जाड की दोन्ही हातांनी दाबावं लागत होतं. प्रत्येक वेळी कुर्रर्र आवाज यायचा आणि पीयूषचा चेहरा पिळवटायचा. गुडघ्यापर्यंत आल्यावर काकूंचा हात भरून आला तेव्हा निमिष पुढे झाला. काकूंनी त्याला आधी तोंड फिरवून जिन्यानं खाली जायला सांगितलं आणि पुन्हा स्वतःच दाबू लागल्या. पदर सोडून त्यांनी माझ्याभोवती गुंडाळला होता.

“आई,” पीयूष मागून म्हणाला. “मागची गेंड्याची पट्टी तेवढी कापू नकोस. वरून घे.”

काकूंची कातर एक क्षण थांबली. मग त्यांनी कंबर बरोबर पट्टीमधून कापली.

रक्त परत पायांत उतरतं तेव्हा काय होतं ते मला सांगता येणार नाही. मी गच्चीवर आडवी पडले आणि गुरासारखी ओरडले. बाथरूमपर्यंत पोचलेच नाही. काकूंनी तिथंच कुरडयांखालची साडी ओढून माझ्यावर टाकली. कुरडया गच्चीभर सांडल्या. “होऊ दे, होऊ दे,” एवढंच त्या म्हणत राहिल्या आणि माझ्या पोटऱ्या चोळत राहिल्या.

गल्लीतल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नस दबलीय, पाय ताब्यात यायला काही आठवडे लागतील, आणखी उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. पीयूषनं त्यांचं सगळं ऐकून घेतलं, औषधं आणली, मला आधार देऊन खोलीत आणलं. मला काकूंचा गाउन घालून, पायांखाली उशा देऊन निजवलं होतं. तो थोडा वेळ माझा हात धरून बसला. “सॉरी,” म्हणाला. मी त्याचा हात सोडवला नाही. मला वाटत होतं, घाबरला असेल, गोंधळला असेल, माणूस आहे. खोटं कशाला बोलू, मी तेव्हाही माफ करायलाच निघाले होते.

दिवेलागणीच्या सुमाराला तो धावत आत आला. हातात मोबाइल, चेहरा फुललेला.

“हर्षदा! अगं, तुझं बरोबर होतं!”

“काय?”

“कंपनीचं उत्तर आलं. या ताग्याचं कापड जास्त आटतंय. त्यांच्याकडूनच चूक झाली, कबूल केलंय त्यांनी! बायकांचं माप दोन साइझ वरचं घ्यायला हवं होतं. म्हणजे तू खरंच म्हणत होतीस गं, दुखत होतं तुला. नवी जोडी पाठवतायत. मालकानं स्वतः माफी मागितलीय, वाच.”

त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. मी वाचलं नाही.

“मी दुपारपासून काय सांगत होते, पीयूष?”

“हो गं, पण तेव्हा मला कसं कळणार?”

“मी सांगत होते ना. ओरडून सांगत होते.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. तो टाळत नव्हता, चिडलाही नव्हता. त्याला माझा प्रश्नच समजत नव्हता.

“पण तेव्हा कंपनीचं उत्तर कुठं आलं होतं?” तो म्हणाला.

मग काळजीनं माझ्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं आणि कळपाला सांगायला बाहेर गेला. दाराबाहेर त्याचा आनंदी आवाज मला ऐकू येत होता.

मी आईला फोन लावला.

“आई, बाबांना सांग, हॉल सोडून द्या.”

“का गं? दुसरा बघायचाय का?”

“दुसरा नाही. हे लग्न करायचं नाही मला.”

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं?” आईचा आवाज चढला. “साखरपुडा झालाय! हे तिसरं आहे, हर्षदा! लोकांना काय सांगू मी? काय केलं त्यानं? मारलं? दारू पितो?”

“नाही.”

“मग? दुसरी कुणी आहे?”

“नाही गं.”

“मग कारण काय सांगू मी माणसांना?”

मला कारण मांडता येईना. तो आवाज चढवून बोलला नव्हता. त्यानं छत्री धरली होती, सरबत दिलं होतं. पँटवरून लग्न मोडलं म्हटलं तर धुळ्यात शेंबडं पोरही हसलं असतं. आईचा श्वास फोनवर ऐकू येत होता आणि मला वाटलं, संपलं, आता मी ‘काही नाही, असंच म्हटलं’ असं म्हणणार.

“माझे पाय दुखत होते, आई,” मी म्हटलं. “दुपारभर मी त्याला सांगत होते, दुखतंय म्हणून. त्याला ते कंपनीला विचारावं लागलं.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, ती तिनं होऊ दिली. मग तिनं विचारलं,

“आता कसे आहेत पाय?”